तारेवर नसलेला गांधार

तंबोरा नीट जुळला की षड्ज-पंचमाच्या गुंजनातून एक गांधार आपोआप उमटतो. कोणतीही तार गांधाराला लावलेली नसते. खर्जाच्या तारेतला पाचवा स्वरांश जवारीमुळे उठून येतो आणि कानाला तो स्वतंत्र स्वर वाटतो. गवई त्याला स्वयंभू गांधार म्हणतात. एखाद्या नवख्याने तो ऐकून ‘पाचवी तार कुठे आहे?’ म्हणून तंबोरा उलटसुलट करून पाहिला, तर त्याच्या कानाला दोष देता येणार नाही. तो गांधार खरोखरच वाजतो आहे. चूक आहे ती त्याच्या समजुतीत: ऐकू येणाऱ्या प्रत्येक स्वराला त्याची स्वतःची तार असलीच पाहिजे, ही ती समजूत.

कार्बनच्या नॅनोनळ्यांच्या वर्णपटाविषयी प्राथमिक पाठ्यपुस्तकांतून जे शिकवले जाते, ते या समजुतीहून फार वेगळे नाही. वर्णपटात शिखर दिसले की त्यामागे इलेक्ट्रॉनच्या ऊर्जेची एक पायरी शोधायची, आणि अणूंच्या जाळीची थरथर म्हणजे शिखरे पसरट करणारा उपद्रव मानायचा, असा हा पाठ आहे. हा पाठ अपुरा आहे आणि दोन ठिकाणी सरळ चुकीचा आहे, हे मला दाखवायचे आहे. इलेक्ट्रॉन आणि त्याने सोडलेली रिकामी जागा, म्हणजे होल, यांची बांधलेली जोडी म्हणजे एक्सायटॉन. जाळीच्या कंपनाचा सर्वांत लहान हप्ता म्हणजे फोनॉन. नळीचा प्रकाशव्यवहार या दोघांच्या भागीदारीतून चालतो. त्यातल्या एकाला मालक आणि दुसऱ्याला गोंगाट ठरवले, तर हिशेब जुळत नाही.

पूर्वपक्ष आधी त्याच्या पूर्ण बळानिशी मांडतो, कारण प्रतिपक्षाला दुबळे करून पाडण्यात पुरुषार्थ नाही. ग्राफीनचा, म्हणजे एका अणूच्या जाडीच्या कार्बनच्या पत्र्याचा, तुकडा गुंडाळून नळी केली असे समजा. गुंडाळीची दिशा आणि नळीचा व्यास ही दोन्ही एका अंकजोडीने ठरतात. म्हणून ‘६-५ नळी’, ‘६-४ नळी’ अशी नावे पडली. दोन अंकांतल्या फरकाला ३ ने नि:शेष भाग गेला तर नळी धातूसारखी वागते, एरवी ती अर्धवाहक असते. सुमिओ इजिमा यांनी अनेक भिंतींच्या नळ्यांचे वर्णन केले १९९१ मध्ये. एकाच भिंतीच्या नळ्या मिळाल्या १९९३ मध्ये. पण हा तीनच्या भागाकाराचा नियम सिद्धांतकारांनी १९९२ मध्येच, एका भिंतीची नळी हाती येण्याआधी, कागदावर काढून ठेवला होता. साइतो आणि मिल्ड्रेड ड्रेसेलहाउस यांचे काम त्यातलेच. ज्या सिद्धांताने वस्तू दिसण्याआधी तिचा स्वभाव सांगितला, त्याला सहज मोडीत काढता येत नाही.

हा सिद्धांत पुढे म्हणतो: इलेक्ट्रॉन नळीच्या लांबीत मोकळा धावतो, पण घेराभोवती मोजकेच तरंग बसतात. त्यामुळे ऊर्जापट्ट्याचे अनेक उपपट्टे होतात आणि प्रत्येकाच्या काठाशी इलेक्ट्रॉनांच्या अवस्थांची दाटी होते. खालच्या दाटीतून वरच्या दाटीत इलेक्ट्रॉन उडवायला जेवढी ऊर्जा लागते, तेवढ्याच ऊर्जेचा प्रकाश नळी शोषते. पहिल्या दाटीची पहिली रेषा, दुसरीची दुसरी. व्यास जितका लहान तितकी ऊर्जा मोठी. १९९९ मध्ये काताउरा आणि सहकाऱ्यांनी हा सारा संसार एका आलेखावर मांडला आणि तो आलेख प्रयोगशाळांच्या भिंतींवर लागला. इतके सुटसुटीत चित्र फार थोड्या पदार्थांच्या वाट्याला येते.

त्या चित्राला पहिला तडा गेला तो त्याच्याच भाकितावर. त्या हिशेबाने अर्धवाहक नळीच्या दुसऱ्या रेषेची ऊर्जा पहिलीच्या दुप्पट यायला हवी. लहान व्यासांवर थोडा मागेपुढे फरक पडेल, पण व्यास वाढत जाईल तसे गुणोत्तर २ कडे सरकले पाहिजे. २००२ मध्ये राइस विद्यापीठात स्मॉली, वाइझमन आणि सहकाऱ्यांनी साबणासारख्या द्रव्याच्या वेष्टनात नळ्या एकेकट्या करून पाण्यात तरंगत ठेवल्या. गठ्ठ्यात असताना विझलेल्या या नळ्या एकेकट्या होताच अवरक्तात चमकू लागल्या, आणि प्रत्येक जातीच्या दोन्ही रेषा मोजता आल्या. मोठ्या व्यासाकडे ताणून पाहिले तरी गुणोत्तर २ कडे जाईना, ते १.७५ च्या आसपासच थांबले. ६-५ नळीचे उदाहरण घ्या: पहिली रेषा सुमारे १.२६ इलेक्ट्रॉनव्होल्ट, दुसरी सुमारे २.१८, भागाकार १.७३. केन आणि मेले यांनी २००३ मध्ये याला ‘गुणोत्तराचा प्रश्न’ म्हणूनच हात घातला, आणि उत्तर इलेक्ट्रॉन व होल यांच्या परस्पर ओढीत शोधले.

ही ओढ नवी नव्हती. फ्रेंकेल यांनी १९३१ मध्येच एक्सायटॉनची कल्पना मांडली होती. पण गॅलियम आर्सेनाइडसारख्या नेहमीच्या अर्धवाहकात ही गाठ जेमतेम ४ मिलि-इलेक्ट्रॉनव्होल्टची असते, आणि खोलीच्या तापमानाची उष्णता सुमारे २६ ची. गाठ पडताच सुटते, म्हणून तिच्याकडे दुर्लक्ष केले तर फारसे बिघडत नाही. नळीत मात्र दोघांना चालायला एकच अरुंद बोळ आहे. शिवाय त्यांच्यामधल्या विद्युतक्षेत्राच्या रेषा नळीबाहेरच्या मोकळ्या जागेतून जातात, आणि तिथे त्यांना क्षीण करणारे फारसे काही नसते. एका मितीत कोंडलेल्या हायड्रोजन अणूची बंधन-ऊर्जा बेसुमार वाढते, हे लाउडन यांनी १९५९ मध्ये दाखवले होते. नळीत एक्सायटॉन महत्त्वाचा ठरेल, हे त्सुनेया आंदो यांनी १९९७ मध्ये गणिताने सांगितले होते. ऐकणारे उशिरा आले.

निकाल २००५ मध्ये लागला. कोलंबियातील हाइन्झ आणि ब्रुस यांच्या गटाने, आणि त्याच वर्षी बर्लिनच्या गटाने, नळीला एका वेळी दोन फोटॉन गिळायला लावले. दोन फोटॉनांच्या शोषणाचा निवडनियम वेगळा असल्यामुळे त्यांना एक्सायटॉनची सर्वांत खालची उजळ अवस्था मिळत नाही, वरची मिळते. पूर्वपक्ष खरा असता तर दोन फोटॉनांचे शोषण आणि नळीचा उजेड एकाच ऊर्जेपाशी सुरू झाले असते. शोषण बरेच वर सुरू झाले. त्यावरून अरुंद नळ्यांत बंधन-ऊर्जा ०.३ ते ०.४ इलेक्ट्रॉनव्होल्ट निघाली, म्हणजे खोलीच्या उष्णतेच्या दहापट-पंधरापट. ही गाठ उष्णतेने सुटणारी नाही. इतकेच काय, २००७ मध्ये धातूसारख्या नळीतही सुमारे ५० मिलि-इलेक्ट्रॉनव्होल्टची गाठ सापडली, जिथे मुक्त इलेक्ट्रॉनांच्या गर्दीत ती टिकेल अशी अपेक्षा नसते.

मग जुना हिशेब इतकी वर्षे बरा का चालला? दोन चुका एकमेकींना खाऊन टाकत होत्या म्हणून. इलेक्ट्रॉनांच्या आपसातल्या तिरस्काराने पट्ट्यांमधले खरे अंतर साध्या हिशेबापेक्षा वाढते. एक्सायटॉनच्या बंधनाने शोषणाची रेषा जवळजवळ तितकीच खाली येते. बेरीज आणि वजाबाकी उरकली की रेषा मूळ अंदाजाच्या आसपास सापडते. वहीत दोन नोंदी राहून गेल्या आणि शिल्लक मात्र योगायोगाने जुळली, असा हा प्रकार. जुळलेली शिल्लक ही वही बरोबर असल्याची खूण नव्हे. गुणोत्तराच्या तपासणीत त्या राहिलेल्या नोंदी उघड्या पडल्या.

इथपर्यंत आजचा जाणकार वाद घालणार नाही. तो म्हणेल, ‘ठीक आहे, पट्टा नाही तर एक्सायटॉन. रेषांची नावे बदला आणि पुढे चला.’ हा सुधारलेला पूर्वपक्ष, आणि माझा खरा वाद याच्याशी आहे. यात राजा बदलला, कारभार तोच राहिला. प्रत्येक रेषेला अजूनही एकेक इलेक्ट्रॉनी अवस्था नेमून दिलेली आहे आणि फोनॉन अजूनही दाराबाहेरच उभा आहे.

२००५ मध्येच आयबीएमच्या पेरेबिनोस, टरसॉफ आणि आव्हुरिस यांनी एक्सायटॉनला फोनॉनशी जोडून शोषणाचे गणित केले. मुख्य रेषेच्या सुमारे २०० मिलि-इलेक्ट्रॉनव्होल्ट वर आणखी एक रुंद शिखर त्यातून निघाले, जे कोणत्याही पट्ट्याचे किंवा सुट्या एक्सायटॉनचे नव्हते. त्याच सुमारास एकेकट्या नळ्यांवरच्या प्रयोगांत, लॉस अलामॉसमध्ये आणि ब्राझीलमध्येही, ते दिसले. मी त्याला उपरेषा म्हणतो. ६-५ नळीत मुख्य रेषा ९८० नॅनोमीटरच्या जवळ, तर उपरेषा ८५० च्या आसपास. हा आपला गांधार.

पण इथे एक सापळा होता. नळीच्या पृष्ठावर अणू एकमेकांविरुद्ध पुढेमागे झुलतात, त्या कंपनाची ऊर्जाही सुमारे १९७ मिलि-इलेक्ट्रॉनव्होल्ट. रामन वर्णपटातील हे सर्वांत ठळक कंपन. अभ्यासक त्याला ‘जी’ म्हणतात. २०० म्हणजे मुख्य रेषा अधिक एक ‘जी’ कंपन, हा अर्थ कोणालाही सुचेल. रंगद्रव्यांच्या रेणूंत असेच होते: एक्सायटॉन जन्मला की अणू जरा हलतात आणि कंपनाची एक पायरी वर चढते. मात्र रेणूंच्या या नियमाला एक जोडनियम आहे. शोषण आणि उत्सर्जन आरशातल्यासारखे दिसले पाहिजेत. वर २०० ला उपरेषा असेल, तर उजेडात खालीही २०० लाच दिसावी.

ती दिसली सुमारे १३५ ला. आरसा वाकडा निघाला. काहींनी त्या खालच्या रेषेला वेगळीच, खोल अवस्था मानले, म्हणजे गांधारासाठी पुन्हा एक नवी तार शोधली. सुटका झाली ती दोन्ही आकडे एकत्र धरल्यावर. नळीतील सर्वांत खालच्या एक्सायटॉनची सोळा भावंडे असतात; चार एका जातीची, बारा दुसऱ्या. त्यांपैकी एकट्यालाच प्रकाशाशी थेट व्यवहार करता येतो. उरलेल्यांत एक प्रकार असा आहे की त्याच्यापाशी मोठा संवेग आहे. प्रकाशाचा कण ऊर्जा भरपूर आणतो, पण संवेग जवळजवळ शून्य. म्हणून प्रकाशाला तो एक्सायटॉन एकट्याने ना घडवता येतो, ना त्याच्यातून बाहेर पडता येते. तितकाच पण उलट संवेग असलेला फोनॉन जोडीला आला, तर खाते मिटते. जाळीत असा फोनॉन आहे आणि त्याची ऊर्जा सुमारे १६५ आहे.

आता हिशेब करा. हा अंधारातला एक्सायटॉन उजळ एक्सायटॉनच्या सुमारे ३० वर बसला आहे असे धरा. प्रकाश शोषला जाताना अंधारा एक्सायटॉन आणि फोनॉन दोघे एकदम जन्मतात: ३० अधिक १६५, म्हणजे १९५. प्रकाश बाहेर पडताना अंधारा एक्सायटॉन स्वतःच्या ऊर्जेतून फोनॉनचा वाटा देऊन मग विझतो: ३० उणे १६५, म्हणजे मुख्य रेषेच्या १३५ खाली. एकाच गृहीतातून दोन्ही रेषा आपापल्या जागी बसल्या, आणि आरसा वाकडा का हेही कळले. पेन्सिल्व्हानिया विद्यापीठातील टॉरन्स, झेंग आणि किक्कावा यांनी २००८ मध्ये या मार्गाने अंधाऱ्या एक्सायटॉनची उंची काढली. ‘जी’ कंपनाशी जुळलेला २०० हा आकडा योगायोगाचा होता.

‘आकडे जुळले म्हणजे सिद्ध झाले का? आधीही जुळलेच होते,’ असा आक्षेप कोणी घेईल, आणि वर वहीची गोष्ट सांगितल्यावर तो घेण्याचा त्याला पूर्ण हक्क आहे. उत्तर प्रयोगाने दिले. कार्बन-१२ ऐवजी कार्बन-१३ वापरून तीच ६-५ नळी केली, तर इलेक्ट्रॉनांच्या दृष्टीने काही बदलत नाही. अणू मात्र जड होतात आणि प्रत्येक कंपन सुमारे ४ टक्क्यांनी मंदावते. १६५ चे साधारण १५८.५ होतात. उपरेषा निव्वळ इलेक्ट्रॉनी असत्या तर जागच्या हलल्या नसत्या. फोनॉनच्या भागीदारीतून आल्या असतील, तर वरची खाली आणि खालची वर, दोन्ही मुख्य रेषेकडे सहा-सातने सरकायला हव्यात. २०१२ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय नवीकरणीय ऊर्जा प्रयोगशाळेतील ब्लॅकबर्न आणि सहकाऱ्यांनी कार्बन-१३ च्या ६-५ नळ्यांवर ही परीक्षा घेतली आणि भागीदारीच्या बाजूने निकाल आला. इलेक्ट्रॉनला हात न लावता फक्त अणूचे वजन बदलून रेषा हलवता येते, तेव्हा त्या रेषेची मालकी एकट्या इलेक्ट्रॉनची राहत नाही.

पूर्वपक्षाचा वदतोव्याघात तर त्याच्या हत्यारातच आहे. नळीची जात ओळखायला आपण बहुतेकदा रामन वर्णपट वापरतो. नळीचा घेर श्वास घेतल्यासारखा फुगतो-आखडतो, त्या कंपनाची वारंवारता व्यासावर ठरते. ६-५ नळीत ती सेंटिमीटरमागे सुमारे ३१० तरंगांची. हा संकेत एकेकट्या नळीतूनही मिळतो, तो एवढ्याचसाठी की लेसरचा रंग एक्सायटॉनच्या रेषेशी जुळलेला असतो: प्रकाश एक्सायटॉन घडवतो, एक्सायटॉन फोनॉन सोडतो, उरलेला प्रकाश बाहेर येतो. चंद्रशेखर वेंकट रामन यांनी १९२८ मध्ये कलकत्त्यात दाखवलेल्या परिणामाचे हे नळीतले रूप म्हणजे एक्सायटॉन-फोनॉन संबंधच. म्हणजे काताउराच्या आलेखावर बोट ठेवून ‘ही रेषा पट्ट्याची’ असे ठामपणे सांगणारा, ते बोट फोनॉनच्या उजेडातच ठेवत असतो.

वेळेच्या मापानेही हेच दिसते. दुसऱ्या रेषेवर उडवलेला एक्सायटॉन पहिल्या रेषेच्या पायरीवर सुमारे ४० फेम्टोसेकंदांत उतरतो. ‘जी’ कंपनाचा एक झोका सुमारे २१ फेम्टोसेकंदांचा. म्हणजे जाळीचे दोन झोके होतात न होतात तोच एवढी मोठी उतरण पार पडते. इलेक्ट्रॉन वेगवान आणि अणू सुस्त, म्हणून दोघांचे हिशेब वेगवेगळे मांडावेत, ही सोय इथे उरत नाही. २००६ मध्ये अतिलघु लेसर स्पंदांनी नळीचे हे झोके प्रत्यक्ष काळात मोजले गेले. घेराचा संथ श्वास ‘जी’च्या जलद कंपनाला आपल्या तालावर वरखाली करतो, हेही त्यात दिसले.

आता माझ्याच बाजूच्या उत्साही मंडळींना आवर घालणे भाग आहे, नाहीतर एक टोक सोडून दुसरे गाठल्यासारखे होईल. ‘नळीत एक्सायटॉन-फोनॉन जोड प्रबळ आहे’ असे लिहिलेले वाचून काही जण समजतात की एक्सायटॉन जाळीला खोल खड्डा पाडतो आणि त्यातच रुतून बसतो. तसे नाही. तसे असते तर शोषणाची आणि उत्सर्जनाची मुख्य रेषा एकमेकींपासून बरीच दूर पडली असती. प्रत्यक्षात ती दुरी मोजक्या मिलि-इलेक्ट्रॉनव्होल्टांची आहे. प्रकाशशक्तीचा मोठा वाटा मुख्य रेषेतच राहतो. उपरेषेला मिळतो तो लहान वाटा, जो व्यास घटेल तसा वाढतो. उजळ एक्सायटॉन जाळीला फारसे ओढत नाही. अंधाऱ्या भावंडांना उजेडात आणण्यासाठी मात्र फोनॉन लागतोच. जोड किती घट्ट, यापेक्षा कोणाची कोणाशी, हा प्रश्न इथे मोलाचा आहे. तंबोऱ्याची उपमाही इथेच सोडून द्यावी: तिथे गांधार एकाच तारेतून निघतो, इथे दोन वेगळे भागीदार लागतात.

‘या सगळ्या बारकाव्याने व्यवहारात काय फरक पडतो?’ पडतो. समजा, तुम्ही ६-५ नळ्यांचा नमुना शुद्ध केला आणि शोषणात ८५० नॅनोमीटरजवळ एक रुंद उंचवटा दिसला. ६-४ नळीची पहिली रेषा ८७० च्या आसपास, ५-४ नळीची ८३५ च्या आसपास. प्रत्येक स्वरामागे तार शोधणारा म्हणेल, नमुन्यात भेसळ आहे, आणि नसलेली भेसळ काढत बसेल. तीच गोष्ट सौरघटाची. ‘पट्ट्यांमधली फट ओलांडली की मोकळा इलेक्ट्रॉन मिळाला’ असे मानणारा, ०.३-०.४ इलेक्ट्रॉनव्होल्टची गाठ सोडवायची तरतूदच करणार नाही, आणि मग प्रवाह कुठे मुरला म्हणून तारा तपासत बसेल.

शेवटचा आक्षेप शिक्षकांचा आहे आणि तो मी सर्वांत गंभीरपणे घेतो: ‘विद्यार्थ्याला पहिल्या दिवशी सोळा भावंडे सांगायची का?’ नाही. पट्ट्यांचे चित्र जरूर शिकवा. धातू आणि अर्धवाहक यांचा भेद, व्यासाशी व्यस्त प्रमाण, हे त्याचे देणे आजही खरे आहे. पण सोपे करून सांगणे आणि चुकीचे सांगणे यांत फरक आहे. सोप्या गोष्टीत पुढे भर घालता येते. चुकीची आधी पुसावी लागते. म्हणून पुस्तक लिहिणाऱ्यांना आणि शिकवणाऱ्यांना एवढीच विनंती: ‘नळीच्या वर्णपटातली शिखरे तिच्या पट्ट्यांमधली अंतरे दाखवतात’ हे वाक्य पुढच्या आवृत्तीत काढा. त्या जागी लिहा, ‘मुख्य शिखरे एक्सायटॉनची, आणि त्यांच्या बाजूच्या उपरेषा अंधारा एक्सायटॉन व फोनॉन यांच्या जोडीच्या.’ त्याखाली ६-५ नळीचे १९५ आणि १३५ हे दोन आकडे द्या, आणि फोनॉनची ऊर्जा विद्यार्थ्यालाच काढू द्या.